नियम बदलत असताना कॉलेजच्या खिडकीमागच्या माणसांना तयार कसं करायचं

जून-जुलैत कोणत्याही संलग्न महाविद्यालयाच्या कार्यालयात अर्धा तास उभं राहा, एकाच प्रश्नाला तीन उत्तरं मिळताना दिसतील. ‘मायनर (दुय्यम विषय) आत्ता निवडायचा की नंतर?’ याला प्रवेशाच्या खिडकीवर एक उत्तर, परीक्षा विभागात दुसरं आणि दारातल्या शिपायाकडे तिसरं. त्यात शिपायाचंच बरोबर निघालं तरी नवल नाही, कारण दिवसभर सगळ्यांची उत्तरं ऐकणारा तो एकटाच असतो.

गेल्या काही वर्षांत या माणसांवर काय काय येऊन पडलं ते एकदा ओळीने मांडलं पाहिजे. २०२१मध्ये अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (एबीसी), म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट (श्रेयांक) जमा ठेवणारी डिजिटल बँक, आली. २०२३मध्ये यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) विद्यार्थी तक्रार निवारणाचे नवे विनियम आले. २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नव्या शैक्षणिक धोरणाची क्रेडिट रचना लागू झाली. त्याच वर्षी जुलैत मुलींच्या शुल्कमाफीचा शासन निर्णय निघाला. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. प्राध्यापकांसाठी उजळणी वर्ग आहेत, मालवीय मिशनची शिक्षक-प्रशिक्षण केंद्रं आहेत. खिडकीवरच्या कनिष्ठ लिपिकाला मिळतो तो ग्रुपवर आलेला तिरक्या फोटोचा जीआर आणि खाली ‘कृपया नोंद घ्यावी’.

हे मार्गदर्शन प्राचार्य, कार्यालयीन अधीक्षक आणि विद्यार्थी विकास अधिकारी यांच्यासाठी आहे. दिवसभराच्या कार्यशाळा भरवूनही उत्तरं तीनच राहतात, कारण तिथे धोरण शिकवलं जातं आणि खिडकीवर विचारला जातो तो अर्ज. म्हणून शिकवण्याची सुरुवात अर्जापासून, म्हणजे प्रत्यक्ष विचारल्या जाणाऱ्या प्रश्नापासून करायची.

कोणाला धरायचं

आपल्याकडे ‘विद्यार्थी विभाग’ नावाची एक खोली नसते. प्रवेश लिपिक, शिष्यवृत्तीचं काम पाहणारा लिपिक, परीक्षा विभाग, वसतिगृहाचे रेक्टर, एनएसएस कार्यक्रम अधिकारी, विद्यार्थी विकास अधिकारी, असलाच तर समुपदेशक, आणि जिमखाना. यातले निम्मे शिक्षक असतात आणि हे काम त्यांच्याकडे अतिरिक्त असतं. या यादीत शिपाई, सुरक्षारक्षक आणि ग्रंथालय परिचर जोडा. पहिल्या वर्षाचा मुलगा पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो, आणि वसतिगृहातली मुलगी रात्री रडत बसलेली सगळ्यात आधी दिसते ती सुरक्षारक्षकाला. कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही वगळू नका. अनेक ठिकाणी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं लॉगिन प्रत्यक्षात तेच चालवतात.

पहिले दहा दिवस फक्त प्रश्न टिपा

विषय ठरवायची घाई करू नका. प्रत्येक खिडकीवर शंभर पानी वही ठेवा आणि पानावर तीन रकाने आखा: काय विचारलं, काय सांगितलं, कुठे पाठवलं. विद्यार्थ्याचं नाव, जात, मोबाइल लिहायचा नाही. कामाचे दहा दिवस पुरतात, मात्र ते गर्दीचे हवेत. प्रवेशाचा आठवडा, परीक्षा अर्जाचा आठवडा किंवा निकालानंतरचे दिवस निवडा. फेब्रुवारीतल्या शांत दिवसांत वही कोरी राहते आणि सगळं ठीक आहे असा गैरसमज होतो.

लिहायला वेळ नाही ही तक्रार पहिल्याच दिवशी येईल आणि ती खरी असते. म्हणून पूर्ण वाक्य मागू नका. ‘एबीसी नाव चूक – उद्या या’ एवढं पुरे. ‘कमवा व शिका’ योजनेतला एखादा विद्यार्थी खिडकीशेजारी बसवून नोंदी करून घेतल्या तर आणखी बरं.

दहा दिवसांनी सगळ्या वह्या एका टेबलावर आणा आणि तीन गोष्टी शोधा. ज्यांना दोन वेगळी उत्तरं दिली गेली ते प्रश्न लाल पेनाने खुणा करा. ‘उद्या या’ किंवा ‘सरांना विचारा’ असं उत्तर मिळालेले प्रश्न निळ्याने. जे विद्यार्थी एका खिडकीवरून दुसरीकडे आणि तिथून परत पहिलीकडे आले, ते हिरव्याने. लाल म्हणजे माहिती चुकीची, निळं म्हणजे माहिती किंवा अधिकार कमी, हिरवं म्हणजे कामाची वाटणी बिघडलेली. प्रशिक्षणाने लाल पूर्ण सुटतं, निळं अर्धं सुटतं आणि हिरवं अजिबात सुटत नाही. हिरव्यासाठी अधीक्षकांनी कामवाटपाचा आदेशच बदलायला हवा. सरसकट सगळ्यावर ‘ट्रेनिंग घेऊ’ म्हणणं हे काम टाळण्याचं सभ्य रूप आहे.

या छाननीतून बारा प्रश्न निवडा. तुमचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तोच.

वेळ कुठून आणायचा

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना शिक्षकांसारखी लांब सुटी नसते, पण दिवाळीत आणि मे महिन्यात विद्यार्थी नसतात. दोन-अडीच तासांची मोठी सत्रं तिथे ठेवा. बाकी वर्षभर आठवड्यातून एकदा पंचेचाळीस मिनिटं, शक्यतो दुपारी सव्वाचारनंतर. खिडकी त्या दिवशी लवकर बंद होणार याची सूचना आठ दिवस आधी फलकावर आणि वर्गांच्या ग्रुपवर द्या, नाहीतर तालुक्याहून एसटीने आलेला मुलगा बंद खिडकी पाहून परत जातो आणि सत्राचं नाव खराब होतं. माणसं दोन तुकड्यांत विभागा. एक तुकडी सत्रात असताना दुसरी खिडकी सांभाळेल, पुढच्या आठवड्यात उलट.

विषय वेळापत्रकाशी बांधा. परीक्षा अर्जाचं सत्र अर्ज सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात, शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडण्याच्या तोंडावर, प्रवेशाचे नियम मे महिन्यात. तीन महिने आधी शिकवलेलं खिडकीवर उभं राहिल्यावर आठवत नाही. आणि नियम तर मध्येच बदललेला असतो.

परिपत्रक वाचायला शिकवा

सगळ्यात जास्त फायदा देणारं सत्र हे, आणि सगळ्यात कमी ठिकाणी घेतलं जाणारंही हेच. जीआर वाचता येतो असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ‘वाचा’खालची संदर्भयादी आणि प्रस्तावना ओलांडून मुख्य भागापर्यंत फार थोडे जण पोचतात. छापील प्रत प्रत्येकाच्या हातात द्या आणि पेन्सिलीने सहा गोष्टी शोधायला लावा: तारीख आणि क्रमांक, कोणत्या शैक्षणिक वर्षापासून, कोणत्या संस्थांना आणि अभ्यासक्रमांना, कोणत्या विद्यार्थ्यांना, कोणता जुना निर्णय बदलला किंवा रद्द झाला, आणि कागदपत्रं कोणती, कधीपर्यंत.

सरावासाठी ८ जुलै २०२४चा मुलींच्या शुल्कमाफीचा निर्णय घ्या. वर्तमानपत्रांचे मथळे होते ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’. पालक तेच कात्रण घेऊन बी.ए.च्या खिडकीवर येतात. निर्णय वाचला की दिसतं, तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठी आहे, व्यवस्थापन कोट्यासाठी नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत हवं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना तो लागू आहे. आणि माफी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची आहे, वसतिगृह किंवा इतर शुल्काची नाही. ही पाच उत्तरं लिपिकाने जीआरमधून बोट ठेवून काढली पाहिजेत. मग दुसरा भाग: बी.ए.च्या मुलीला ‘तुम्हाला नाही’ एवढंच सांगून खिडकी मिटायची नाही, तिच्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला दुसरी कोणती योजना बसते ते पाहायचं. अर्धवट वाचलेल्या निर्णयामुळे जेवढे लोक चुकीच्या आशेने येतात, तेवढेच हक्काचा लाभ न घेता परत जातात.

सत्राच्या शेवटी त्या निर्णयाचं एक पानी खिडकीपत्रक तयार झालं पाहिजे. ए-फोर कागद, चौदाच्या खाली नको असा टाइप, वर तारीख, खाली ते अद्ययावत ठेवणाऱ्याचं नाव. नवं पत्रक लागलं की जुनं काढून फाइलला. फाडून टाकू नका. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला मागच्या वर्षीचा नियम लागतो. आणि ग्रुपवर एक शिस्त पाळा: परिपत्रक पूर्ण पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात तारीख. स्क्रीनशॉट चालणार नाही. दुसऱ्या विद्यापीठाचं परिपत्रक आपलं समजून त्यावर अंमल करणं हा प्रकार स्क्रीनशॉटमुळेच होतो, कारण वरचं लेटरहेड कापलेलं असतं.

शिष्यवृत्ती: चुकलेल्या अर्जांवर सराव

महाडीबीटीचं प्रात्यक्षिक पडद्यावर दाखवून काही होत नाही. मागच्या वर्षी परत पाठवलेले किंवा अडकलेले दहा अर्ज निवडा, नाव-आधार-मोबाइल काळ्या शाईने झाकून प्रती काढा आणि दोघा-दोघांच्या जोड्यांना चाळीस मिनिटं द्या. प्रत्येक अर्जात काय चुकलं ते शोधायचं. बहुतेक वेळा त्याच त्या चुका निघतात: अभ्यासक्रम किंवा वर्ष चुकीचं निवडलेलं, उत्पन्नाचा दाखला मुदतीबाहेरचा, गुणपत्रिकेवर आणि आधारवर नाव वेगळं, खंड पडलेला असताना गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही.

बँकेच्या मुद्द्यावर मात्र थांबा, कारण इथे लिपिकांचाच गोंधळ असतो. विद्यार्थी म्हणतो ‘खात्याला आधार लिंक आहे’ आणि तो खोटं बोलत नसतो. खातं उघडताना केवायसीसाठी दिलेला आधार वेगळा आणि थेट लाभासाठी एनपीसीआयच्या (राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या) यादीत त्या बँकेशी जोडलेला आधार वेगळा. पैसे दुसऱ्या जोडणीवरून जातात. ती एका वेळी एकाच बँकेशी असते. मधे दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे संमती दिली असेल तर रक्कम तिकडे जाते आणि मुलगा जुनं पासबुक घेऊन खिडकीवर भांडतो. यूआयडीएआयच्या (आधार प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर विद्यार्थ्याला स्वतःच्या ओटीपीने बँक सीडिंगची, म्हणजे या जोडणीची, स्थिती पाहता येते. ती अर्जाआधी पाहायला लावा. प्रत्येक लिपिकाने स्वतःच्या आधारची स्थिती सत्रात एकदा पाहावी. निदान एखाद-दोघांना तरी धक्का बसतो आणि मुद्दा कायमचा लक्षात राहतो.

सत्राचा दुसरा अर्धा भाग लिहिण्याचा. अर्ज परत पाठवताना शेरा टाकावा लागतो आणि तिथे सवयीने ‘कागदपत्रे अपूर्ण’ लिहिलं जातं. विद्यार्थी तोच अर्ज तसाच पुन्हा पाठवतो. त्याऐवजी ‘उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा आहे. चालू वर्षाचा तहसील कार्यालयाचा दाखला जोडून १० तारखेपर्यंत पुन्हा पाठवा’ असं लिहायला शिकवा. काय चुकलं, काय जोडायचं, कधीपर्यंत. दहा अर्जांचे दहा शेरे लिहून घ्या आणि मोठ्याने वाचून दाखवा.

क्रेडिटचा हिशेब

नव्या रचनेत बाहेर पडण्याचे टप्पे असे: पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ क्रेडिटवर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर ८० ते ८८वर पदविका, तिसऱ्यानंतर १२० ते १३२वर पदवी, चौथ्यानंतर १६० ते १७६वर ऑनर्स पदवी. हे तक्ते सगळ्यांकडे असतात. नसते ती गोष्ट म्हणजे एका खऱ्या गुणपत्रिकेवरून हिशेब करता येणं. नावं झाकलेल्या तीन गुणपत्रिका घ्या: एक सरळ उत्तीर्ण, एक एटीकेटीची, एक दुसऱ्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थ्याची. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (क्षमतावृद्धी, म्हणजे भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली), को-करिक्युलर असे रकाने फळ्यावर आखून क्रेडिट भरायला लावा. बेरीज पुरी पण एका रकान्यात दोन क्रेडिट कमी, हा प्रसंग तिसऱ्या गुणपत्रिकेत हमखास सापडतो. एकूण क्रेडिट मोजून ‘झालं’ म्हणणं ही इथली नेहमीची चूक आणि ती थेट अंतिम वर्षाच्या निकालात उघडी पडते.

‘मी एका वर्षानंतर सोडतो, सर्टिफिकेट मिळेल ना?’ याचं उत्तर नुसतं ‘हो’ नाही. बाहेर पडताना आणखी ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. क्रेडिट बँकेत जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. इतकं लिपिकाने सांगावं आणि तिथेच थांबावं. सोडावं की नाही हा सल्ला खिडकीवर द्यायचा नाही. मेंटॉर शिक्षकाचं नाव आणि भेटीची वेळ चिठ्ठीवर लिहून द्यायची. ही सीमारेषा स्पष्ट आखली नाही तर चांगल्या मनाचा लिपिकच सगळ्यात जास्त नुकसान करतो. ‘कशाला अडकतोस, घे सर्टिफिकेट’ असं तो सहज बोलून जातो आणि मुलगा ते कार्यालयाचं म्हणणं समजतो.

एबीसी क्रमांकाबद्दल फार सांगायला नको. बारा अंकी असतो, डिजिलॉकरमधून निघतो. अडतं ते नावापाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, विद्यापीठाच्या पोर्टलवर आईचं नाव जोडलेलं. प्रवेशाच्या वेळीच तिन्ही नावं शेजारी-शेजारी लिहून घेणारा एक रकाना अर्जात वाढवा. दुरुस्ती जुलैत सोपी असते, गुणपत्रिका छापल्यावर नाही.

अवघड बोलणं

सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५च्या सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि अध्यापक व शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रमाणित मानसिक आरोग्य तज्ज्ञाकडून प्रशिक्षण हवं: मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणं ओळखणं, स्वतःला इजा करण्याच्या प्रसंगात काय करायचं आणि पुढे कोणाकडे सोपवायचं. ‘सर्व’ या शब्दाकडे लक्ष द्या. हे सत्र अंतर्गत माणसाकडून उरकू नका. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहून तारीख घ्या, आणि एक तारीख परीक्षेच्या महिनाभर आधीची असू द्या.

तज्ज्ञाला काय मागायचं ते मात्र तुम्ही ठरवा. लिपिकाला समुपदेशक करायचं नाही. त्याला चार गोष्टी आल्या पाहिजेत. वागण्यातला बदल टिपणं, विद्यार्थ्याला रांगेतून बाजूला बसवणं, धोका वाटला तर एकटं न सोडणं, आणि ठरलेल्या माणसाच्या हाती प्रत्यक्ष सोपवणं. वाक्यंही तयार द्या. ‘घाई नाही, बस इथे, मी खिडकी दुसऱ्याला सांगून येते’ हे चालतं. ‘हिंमत ठेव’, ‘एवढ्यासाठी कोणी रडतं का’, ‘घरच्यांचा विचार कर’ ही चालत नाहीत, कारण यांनंतर मूल बोलायचं थांबतं. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती चुकीची आहे. हा प्रश्न शांतपणे कसा विचारायचा याचा सराव तज्ज्ञासमोरच करून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. तो खिडकी, वर्ग, वसतिगृह आणि संकेतस्थळ अशा सगळीकडे मोठ्या अक्षरात हवा.

सोपवण्याच्या साखळीत तीन नावं ठेवा: समुपदेशक, ते नसतील तर एक शिक्षक, तेही नसतील तर उपप्राचार्य. संध्याकाळी सहानंतर कोण हे वसतिगृहासाठी वेगळं लिहा. एकच नाव असलेली साखळी त्या व्यक्तीच्या रजेच्या दिवशी तुटते. आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर त्या विद्यार्थ्याचा विषय निघता कामा नये, हे सत्रात शब्दांत सांगा. गृहीत धरू नका.

तक्रारींचं गणित वेगळं आहे. तिथे मुदती पाठ हव्यात. यूजीसीच्या २०२३च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रार मिळाल्यापासून शक्यतो १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. निर्णय मान्य नसेल तर विद्यार्थी १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करू शकतो. म्हणून आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली पोच दिल्याशिवाय तक्रार घ्यायची नाही. रॅगिंगची माहिती मिळाली की ‘आपसात मिटवा’ हा शब्द निघता कामा नये. यूजीसीच्या २००९च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखाने माहिती मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांत तक्रार करायची असते, आणि त्या घड्याळाची सुरुवात लिपिकाच्या टेबलावर होते. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाची तक्रार असेल तर लिपिकाने एकही प्रश्न विचारायचा नाही. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्याकडे पोचवायचं, एवढंच. ‘नक्की काय झालं?’ असं विचारून ती गोष्ट चार टेबलांवर चार वेळा सांगायला लावणं हाच एक छळ होतो.

या सत्राचा सराव तिघांच्या गटात: एक विद्यार्थी, एक लिपिक, एक निरीक्षक, आठ मिनिटं, मग भूमिका बदल. प्राचार्यांनी खोलीत थांबू नये. त्यांच्यासमोर सगळेच आदर्श वागतात आणि शिकायचं राहून जातं.

एका माणसावर टांगलेलं काम

बदलाच्या काळात सगळं नवं ज्ञान एका हुशार लिपिकाकडे साचतं. तो रजेवर गेला की शिष्यवृत्ती बंद, निवृत्त झाला की वर्ष वाया. प्रत्येक कामाला जोडीदार ठरवा आणि महिन्यातून दोनदा, गर्दी नसलेल्या दिवशी, दोन तास जोडीदाराला मुख्य खुर्चीत बसवा. मूळ माणूस शेजारी, हात मागे. माउस त्याने हातात घेतला की सराव संपला समजा.

लॉगिनची तपासणी याच वेळी करा. पोर्टलला जोडलेला मोबाइल क्रमांक दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याचा असतो आणि ओटीपी त्यांच्या गावी जातो. महाविद्यालयाच्या नावावर एक सिम घ्या, ते अधीक्षकांच्या ताब्यातल्या साध्या फोनमध्ये ठेवा आणि सगळ्या पोर्टलवर तोच क्रमांक नोंदवा. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असेल तर आजच काढा. गुणवत्ता यादी किंवा शिष्यवृत्तीची यादी फलकावर लावताना मोबाइल, आधार आणि जात हे रकाने लपवायला शिकवा. एक्सेलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.

नवं शिकवताना जुनं काही बंद करा

कर्मचारी प्रशिक्षणाला नाखूश असतात त्याचं कारण बहुधा आळस नसतं. पोर्टल आलं, पण रजिस्टर राहिलं. बोनाफाईडची नोंद संगणकात, जावक वहीत आणि ‘साहेबांनी सांगितलं होतं’ म्हणून तिसऱ्या वहीतही. रिक्त पदं भरली जात नाहीत आणि प्रत्येक सत्र म्हणजे आणखी एक काम असा अनुभव साठत जातो. म्हणून नियम ठेवा: प्रत्येक नव्या पद्धतीच्या सत्रात एक जुनं रजिस्टर, नमुना किंवा प्रतीची मागणी लेखी आदेशाने बंद झाली पाहिजे. लेखापरीक्षणाला किंवा विद्यापीठाला लागणारी वही यातून वगळा. आधी यादी करून लेखापालांना दाखवा. बंद करण्यासारखं काहीच सापडत नाही असं कोणी म्हटलं, तर त्या यादीकडे पुन्हा एकदा नीट पाहा.

श्रेयाचंही बघा. हजेरीपत्रक, विषय, तास आणि तयार झालेलं खिडकीपत्रक हे नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) सहाव्या निकषात शिक्षकेतर प्रशिक्षणाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं. पण त्याच कागदाची एक प्रत कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नस्तीत जाऊ द्या आणि वार्षिक गोपनीय अहवालात तिचा उल्लेख होऊ द्या. सत्र घेणाऱ्या लिपिकाला तासाचं मानधन द्या, रक्कम लहान असली तरी चालेल. बाहेरच्या वक्त्याला शाल-श्रीफळ आणि आपल्या माणसाला नुसत्या टाळ्या, हे कर्मचाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही.

फरक पडला का

सत्र कसं वाटलं याचे अभिप्राय गोळा करू नका; सगळे ‘उत्तम’ लिहितात. सहा आठवड्यांनी प्रश्नवही पुन्हा पाच दिवस ठेवा आणि लाल, निळ्या, हिरव्या खुणा मोजा. कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या वीस विद्यार्थ्यांना दारात एकच प्रश्न विचारा: ‘या कामासाठी आजची कितवी फेरी?’ शिवाय दर सोमवारी महाडीबीटीच्या लिपिक आणि प्राचार्य अशा दोन्ही लॉगिनमध्ये किती अर्ज पडून आहेत ते फळ्यावर लिहा. दुसरा आकडा मोठा असेल तर प्रशिक्षण कोणाला हवं ते आपोआप कळतं.

लाल खुणा घटल्या आणि निळ्या तशाच राहिल्या, तर आणखी सत्रं घेऊन उपयोग नाही. लिपिकाला उत्तर माहीत आहे, सहीचा अधिकार नाही. कोणती कागदपत्रं मुख्य लिपिकाच्या किंवा अधीक्षकांच्या सहीने देता येतील, ते विद्यापीठाचे नियम पाहून ठरवा. कार्यालयीन आदेशात कागदपत्राचं नाव, सही करणाऱ्याचं पद, त्यांच्या गैरहजेरीत कोण आणि किती दिवसांत द्यायचं हे चार रकाने ठेवा. एक प्रत खिडकीच्या आतल्या बाजूला लावा आणि एक बाहेर, विद्यार्थ्यांना वाचता येईल अशी.